न उमटलेल्या तारखा

मी एक जुना शिक्का आहे, मित्रांनो. तारखेचा शिक्का. वर लाकडी मूठ, खाली पितळी चौकट आणि चौकटीत रबराच्या तीन पट्ट्या: दिवस, महिना आणि वर्ष. पट्ट्यांच्या कडेला दातेरी चाकं आहेत. चाक बोटाने फिरवलं की तारीख बदलते. तारखेच्या वर 'आवक' आणि खाली कार्यालयाचं नाव, एवढंच माझं शिक्षण. आपली जीवनकहाणी सांगायला बसलेल्या बहुतेक वस्तू स्वतःवर झालेला अन्याय सांगतात. मोडकी छत्री असो की गंजलेली सायकल, सगळ्यांचं रडगाणं एकच. माझ्यावर कोणी अन्याय केला नाही. तो मीच केला. तेव्हा माझी दया येऊ लागली तर ती राखून ठेवा. पुढे ती दुसऱ्या कोणाला तरी लागणार आहे.

माझा जन्म एका अरुंद दुकानात झाला. शिक्के करणारे काका डोळ्याला भिंग लावून उलटी अक्षरं कोरत बसायचे. त्यांनी माझा पहिला ठसा स्वतःच्या मनगटावर उमटवून पाहिला आणि मान डोलावली. मला न्यायला आलेल्या शिपाईमामांना ते म्हणाले, "बारा वर्षं बघायला नको. वर्षाच्या पट्टीवर तेवढेच आकडे बसतात." शिपाईमामा म्हणाले, "माझ्या निवृत्तीला तेवढीच राहिलीत. बरोबरच सुटू." मी त्यांच्या खिशात बसून कार्यालयात आलो.

आता हे कार्यालय कसलं, ते सांगतो. तुम्ही पडलात, गुडघा फुटला, तर डॉक्टर टाके घालतात. पण कोणी तुमच्यावर सुरा उगारला, तुम्हाला मारलं, कोंडून ठेवलं, तर अंगावरची जखम भरते आणि आत भीती बसून राहते. दार वाजलं की छातीत धस्स होतं. ही भीती आपोआप जात नाही. तिच्यासाठी शिकलेलं, धीराचं माणूस लागतं, आणि त्याच्यासमोर पुन्हा पुन्हा बसावं लागतं. ज्याच्यावर हल्ला झाला त्याने हा खर्च एकट्याने का सोसावा? म्हणून सरकारने ठरवलं होतं, की तो सगळ्यांनी मिळून उचलायचा, लोकांच्या करातून. आमच्या कार्यालयाच्या मागच्या बाजूला तीन खोल्या होत्या. प्रत्येक खोलीत दोन खुर्च्या, एक खिडकी आणि एक समुपदेशक ताई. अर्ज मंजूर झाला की वीस बैठका फुकट मिळत. अट एकच होती. घटना घडल्यापासून वर्षाच्या आत अर्ज आवक झाला पाहिजे, म्हणजे त्यावर मी उमटलो पाहिजे. बघा, मी किती मोठा होतो ते.

माझं टेबल पुढच्या खोलीत, काचेच्या खिडकीमागे होतं. तिथे बसणाऱ्या बाईंचं खरं नाव निम्म्या कार्यालयाला ठाऊक नव्हतं. आवकेचं टेबल म्हणून त्या आवकबाई. सकाळी आल्या आल्या त्या पदराने चष्मा पुसत, मग मऊ फडक्याने मला पुसत, तारीख एक घर पुढे नेत आणि रद्दीच्या कागदावर एकदा उमटवून बघत. त्यांच्या हाताला वजन होतं. माझा ठसा कधी तिरका गेला नाही, कधी पुसट आला नाही. मला त्याचा गर्व होता. गर्वाचं घर खाली असतं म्हणतात, पण टेबलावर असताना ते कळत नाही.

पहिली काही वर्षं बरी गेली. मग वरून आदेश आला, की आवक झालेल्या प्रत्येक अर्जाचा निकाल तीस दिवसांत लागलाच पाहिजे. ज्या कार्यालयात अर्ज पडून राहतील त्या कार्यालयाच्या साहेबांना जाब विचारला जाईल. आदेश लोकांच्या भल्यासाठीच होता. पण आमचे साहेब हुशार होते. अर्जासोबत चार कागद लागत: पोलिसांचा, डॉक्टरांचा, ओळखीचा आणि राहत्या पत्त्याचा. पहिल्याच खेपेला चारही कागद बिनचूक आणणारा माणूस विरळा. कागद अपुरा असला की अर्ज अडकणार, आणि तीस दिवस तर सुरू झालेले.

साहेबांनी आवकबाईंना बोलावून सांगितलं, "अपुऱ्या अर्जावर शिक्काच मारू नका. माणसाला सांगा, कागद पुरा करून आण, मग मारू. त्यालाही बरं, आपल्यालाही बरं."

आवकबाई म्हणाल्या, "तोवर तो आला होता हे कुठे लिहायचं?"

"कशाला लिहायचं? येईलच की पुन्हा. गरज त्याला आहे."

बोलणं वावगं वाटलं नाही. खरं सांगायचं तर मला आवडलंच. मी आता फक्त नीटनेटक्या, पुऱ्या अर्जांवर बसणार होतो. आवकबाई अपुऱ्या अर्जात जो कागद हवा त्यापुढे पेन्सिलीने बारीक फुली करत आणि अर्ज काचेखालून परत सरकवत. दोन वर्षांत आमच्याकडे एकही अर्ज पडून राहिला नाही. तपासणीला आलेल्या बड्या साहेबांनी आवक-वही चाळली आणि म्हणाले, "असा स्वच्छ शिक्का मी कुठे पाहिला नाही." भिंतीवर चौकटीतलं प्रशस्तिपत्रक लागलं. शिपाईमामांनी पेढ्याऐवजी सगळ्यांना लिमलेटच्या गोळ्या वाटल्या. त्या दोन वर्षांत काचेपलीकडून किती जण परत गेले, हा विचार माझ्या रबरात एकदाही आला नाही.

आणि मग ती आली. पावाच्या दुकानात गल्ल्यावर उभी राहणारी बाई. पस्तिशीची असेल. एका संध्याकाळी दुकान बंद करताना कोणीतरी मागून येऊन तिच्या हातावर सुरा चालवला होता आणि गल्ला उचलून नेला होता. कोपरापासून मनगटापर्यंत शिवण दिसत होती. सोबत तिची नणंद होती, शिलाईकाम करणारी, गळ्यात अजून टेप लटकलेला. बाईचा नवरा लांब जहाजावर नोकरीला, म्हणून नणंदेने तिला आपल्या घरी आणून ठेवलं होतं.

बाक दाराकडे पाठ करून होता. नणंद म्हणाली, "वहिनी, बस." वहिनी बसली नाही. ती भिंतीला पाठ लावून, दाराकडे बघत दोन तास उभी राहिली. दार उघडलं की तिचा हात दुसऱ्या हातावर जायचा.

खिडकीशी आल्यावर नणंदच बोलली. "लोकांच्या नणंदा म्हणे जाच करतात. मी वहिनीला हाताला धरून आणते, तर माझं कौतुक करायला एक म्हण नाही."

आवकबाई हसल्या. हसत हसतच त्यांनी डॉक्टरांचा कागद उलटून पाहिला. सही होती, दवाखान्याचा शिक्का नव्हता. पेन्सिलीची फुली झाली. "एवढा एक उमटवून आणा."

"आमच्या हातातलं काम अर्धं टाकून आलोय हो. तुमच्याकडे शिक्का आहेच ना, तो मारा."

"हा तो नव्हे, बाई."

माझ्या जातीचाच शिक्का हवा होता, आणि मी इथे रिकामा बसलो होतो. मला तेव्हा त्याची गंमत वाटली होती. आता ते आठवलं की शाई सुकून जावी असं वाटतं.

दुसऱ्यांदा त्या आल्या तेव्हा पोलिसांच्या कागदाची एकच बाजू झेरॉक्स केलेली निघाली. मागच्या बाजूला दोन ओळी होत्या, त्याही लागत. पुन्हा फुली पडली. नणंदेने झेरॉक्स उलटून तिची कोरी बाजू पाहिली. वहिनी मात्र त्या दिवशी पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "मला रात्रीची झोप नको. नुसतं दुकानात पाठ फिरवून उभं राहता आलं तरी पुरे. मालक जागा ठेवतो म्हणालेत, पण किती दिवस ठेवतील?" आवकबाईंनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "पुढच्या खेपेला होऊन जाईल बघा."

तिसऱ्या खेपेला पत्ता जुळेना. वहिनी आता नणंदेकडे राहत होती आणि कागदावर जुनं घर होतं. नव्या घराचा मालक परगावी गेलेला. त्याची चिठ्ठी मिळेपर्यंत दोन महिने उलटले. आवकबाईंनी काचेमागून मान हलवली. कोणी आलं होतं, याची माझ्या दफ्तरात एक रेघसुद्धा नव्हती.

चौथ्यांदा चारही कागद पुरे होते. आवकबाईंनी ते एकेक करून दोनदा पाहिले, खूश झाल्या, मला शाईच्या डबीत दाबलं आणि अर्जावर उमटवलं. ठसा फार सुरेख आला. मग त्यांनी घटनेची तारीख पाहिली. मग माझी पाहिली. वर्ष होऊन अकरा दिवस झाले होते.

नणंद म्हणाली, "अहो, पण आम्ही तीनदा येऊन गेलो."

"नोंद नाही हो."

"तुम्हीच तर परत पाठवलंत. तुमच्याच फुल्या आहेत ह्या."

"फुलीला तारीख नसते, बाई."

नणंद काचेच्या अगदी जवळ आली. हळू आवाजात म्हणाली, "ते चाक आहे ना त्याला? अकरा घरं मागे फिरवा. कोणाचं काय जातंय?"

आवकबाईंचा चेहरा उतरला. "नाही हो. ते खोटं होईल. तीस वर्षांच्या नोकरीत मी खोटी तारीख मारलेली नाही."

आणि मित्रांनो, मला त्यांचा अभिमान वाटला. ऐकताय ना? समोर एक बाई भिंतीला पाठ लावून उभी होती, तिचा आधार हातातून निसटत होता, आणि मी आपल्या खरेपणावर खूश होतो. वहिनी भांडली नाही. तिने अर्ज परत घेतला, माझा ओला ठसा पुसू नये म्हणून फुंकर घातली आणि निघून गेली. नाकारलेल्या अर्जावरचा ठसा जपून तिला काय मिळणार होतं, मला समजलं नाही.

पुढच्या महिन्यात निधी समिती आली. येत्या वर्षी कुठल्या कार्यालयाला किती खोल्या आणि किती ताई द्यायच्या, ते हे लोक ठरवत. साहेबांनी आवक-वही पुढे केली. वर्षभरात एक्केचाळीस अर्ज, पडून राहिलेला एकही नाही. अध्यक्षांनी आकडा वाचला. "एक्केचाळीस माणसांना तीन खोल्या कशाला? मागणीच नाही दिसत इथे."

मागच्या खोलीतल्या मोठ्या ताई उठून म्हणाल्या, "माणसं येतात हो. मी रोज बाकावर बघते. मग ती जातात कुठे, ते मला कळत नाही."

"नोंद दाखवा," अध्यक्ष म्हणाले. ते वाईट नव्हते. जे लिहिलेलं नाही त्यासाठी लोकांचा पैसा कसा मागायचा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

सगळ्यांनी आवकबाईंकडे पाहिलं. त्या मान खाली घालून माझ्याकडे बघत राहिल्या. मला तोंड नाही, ही माझी सबब. त्यांची सबब मी विचारणार नाही. साहेबांच्या हाताखाली नोकरी, निवृत्तीला चार वर्षं, घरी अंथरुणाला खिळलेले सासरे. अळीमिळी गुपचिळी. तीनपैकी दोन खोल्यांना कुलूप लावायचं ठरलं.

त्यानंतर आठवड्याभराने नणंद एकटीच आली. अर्ज नव्हता, कागद नव्हता. ती काचेशी नुसती उभी राहिली. आवकबाईंनी विचारलं, "वहिनी कशा आहेत?"

"घराबाहेर पडत नाही. उंबऱ्यापर्यंत येते आणि मागे फिरते. दुकानातली जागा गेली." मग ती टेपचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "भांडायला नाही आले मी. एक विचारायचं होतं. ती रोज मला विचारते, 'आपण खरंच गेलो होतो ना गं? का मला नुसतं वाटतंय?' मी सांगते, गेलो होतो. तर म्हणते, 'मग नोंद नाही असं ते का म्हणाले?' आता मी काय सांगू, ते तुम्हीच सांगा."

नणंद गेल्यावर त्यांनी खिडकीला 'जेवणाची सुट्टी' अशी पाटी लावली. सकाळचे अकरा वाजले होते.

त्यांनी कोरा कागद ओढला आणि आठवून आठवून लिहायला घेतलं. कोण आलं होतं, कुठल्या महिन्यात, काय अपुरं निघालं. ट्रक चालवणारे गृहस्थ, ज्यांना घेरून मारलं होतं आणि ज्यांचं आता गाडीत बसायचं धाडस होत नव्हतं. शाळेतल्या बाई, ज्यांना घरातच मार पडला होता आणि ओळखीचा कागद नवऱ्याच्या कपाटात होता. मुलगा गमावलेले आजोबा, तीन वेळा. एक पान झालं, दुसरं झालं. चार दिवस त्या सुट्टीच्या वेळात लिहीत होत्या. एकशे सोळा माणसं आठवली. शेवटी त्यांनी लिहिलं, 'ह्या सर्वांना मी शिक्का न मारता परत पाठवले. मागणी नव्हती हे खरे नाही.' खाली सही केली. मग समितीच्या नावाचं ते पत्र त्यांनी स्वतःच काचेखालून आपल्याकडे सरकवलं, स्वतःच हातात घेतलं आणि मला त्यावर उमटवलं. नियमाने आता त्या पत्राला तीस दिवसांत उत्तर मिळणं भाग होतं.

साहेब म्हणाले, "आवकबाई, आपल्याच पायावर धोंडा मारून घेतलात."

"माझा एक पाय आहे, साहेब," त्या म्हणाल्या. "बाहेर एकशे सोळा माणसं आहेत."

उत्तर आलं. एक खोली परत उघडली, तिसरीचं कुलूप तसंच राहिलं. ज्यांची नावं यादीत होती त्यांना मुदत संपली तरी अर्ज करायची मुभा मिळाली. साहेबांची दूर बदली झाली. आवकबाईंची वार्षिक वाढ रोखली गेली आणि नोकरीच्या पुस्तकात ठपका बसला. तो ठपका मारणारा शिक्का माझ्या शेजारच्याच डबीतला होता. मला त्याच्याकडे बघवलं नाही.

यादीतल्या सगळ्यांना पत्रं गेली. वहिनीला बाहेर पडवत नव्हतं, म्हणून एका दुपारी मोठ्या ताई आणि आवकबाईच नणंदेच्या घरी गेल्या. मला आणि शाईच्या डबीला आवकबाईंनी पिशवीत घेतलं होतं. कार्यालयात आल्यापासून मी पहिल्यांदाच बाहेर पडलो. खोली लहान होती. शिलाई यंत्राभोवती कापडाच्या चिंध्या, आणि भिंतीला पाठ लावून ती बसलेली. तिने अर्जाकडे पाहिलं आणि मान फिरवली. "नको. पुन्हा काहीतरी अपुरं निघेल."

आवकबाईंनी मला काढलं आणि अर्ज कोरा असतानाच, एक अक्षर लिहायच्या आधी, त्यावर शिक्का मारला. "आता काहीही अपुरं निघू दे. तुमची नोंद झाली. कागद मी शोधत बसेन." त्या तिच्यासमोर खाली बसल्या. "तुम्ही तीनदा आला होता. मी परत पाठवलं. चूक माझी होती."

तिने हात पुढे केला, तोच, शिवण असलेला. आवकबाईंनी मला तिच्या हातात दिलं. "हे कसं फिरवायचं?" तिने विचारलं. आवकबाईंनी दाखवलं. तिने दिवसाचं चाक फिरवलं, महिन्याचं फिरवलं, वर्ष एक घर मागे नेलं. पहिल्या खेपेची तारीख तिला विचारावी लागली नाही. नणंदेच्या मापाच्या वहीतल्या एका कोऱ्या पानावर तिने मला दाबलं. मग पुन्हा चाकं फिरवली, पुन्हा दाबलं. आणि तिसऱ्यांदा. तिन्ही ठसे तिरके आले, एक तर अर्धाच उमटला. तीस वर्षांत खोटी तारीख न मारणाऱ्या आवकबाई बघत होत्या. त्यांनी तिला अडवलं नाही.

तिने ते पान नणंदेपुढे धरलं. "गेलो होतो," ती म्हणाली.

नणंद म्हणाली, "मग मी काय सांगत होते, वेडे?" आणि तोंड फिरवून चिंध्या गोळा करू लागली.

पहिल्या काही बैठका ताईंनी तिच्या घरीच घेतल्या. नंतर ती कार्यालयात येऊ लागली, असं शिपाईमामा एकदा म्हणाले. पुरी बरी झाली का, मला माहीत नाही. बाक मात्र आवकबाईंनी फिरवून घेतला. आता त्याची पाठ भिंतीला आहे.

मागच्या वर्षी माझ्या पट्टीवरचे आकडे संपले. शिपाईमामा निवृत्त झाले आणि मी खणात गेलो. माझ्या जागी आलेला नवा शिक्का दारात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाच्या कागदावर आधी बसतो, मग कागद तपासले जातात. वाट बघणाऱ्यांची रांग वाढली आहे आणि तिसऱ्या खोलीची मागणी रांगेच्या जोरावर पुन्हा गेली आहे. भिंतीवरचं प्रशस्तिपत्रक कोणी काढलं ते कळलं नाही.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणीतरी अशाच एखाद्या टेबलामागे बसेल. समोर घाबरलेलं माणूस आलं तर आधी त्याचं येणं लिहून घ्या. त्याच्याकडे काय कमी आहे ते नंतर शोधा. आणि कोणी तुम्हाला म्हणालं की इथे मदत मागायला कोणी येतच नाही, तर परत किती जणांना पाठवलं, ते जरूर विचारा. मी विचारलं नाही. आवकबाईंना एकशे सोळा माणसं आठवली. जी आठवली नाहीत, ती अजून कुठल्या तरी घरात भिंतीला पाठ लावून बसली असतील आणि स्वतःला विचारत असतील, आपण खरंच गेलो होतो का. त्यांना मी सांगतो, तुम्ही गेला होता. पण त्यांच्या तारखा मला माहीत नाहीत.